मला काय धाड भरलीय?

आमच्या घराण्यात आजारी पडायच्या दोन रीती होत्या. वडिलांची रीत जाहीर. त्यांना सकाळी एक शिंक आली की दुपारपर्यंत तिची बातमी वाड्याच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचलेली असे. संध्याकाळी चौकशीला माणसं येत, आणि वडील मफलर गुंडाळून, आवाज मुद्दाम अर्धा करून, त्या शिंकेचा पूर्वेतिहास सांगत बसत. दुसरी रीत आत्याची. तिला कोणी "बरं नाही का गं?" असं विचारलंच, तर तिच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखी ती विचारणाऱ्याकडे बघे. मग "मला काय धाड भरलीय?" एवढं म्हणून पदर खोचून कामाला लागे. वडिलांच्या पंथाला अनुयायी पुष्कळ मिळाले, मीही त्यातलीच. आत्याचा पंथ तिच्यामागे बुडाला असंच आम्ही समजत होतो. तो आमच्याच घरात, सोफ्याच्या मधोमध, इतकी वर्षं सुखानं नांदत होता, हे परवा परवा कळलं.

आमच्या बोक्याचं नाव भाऊसाहेब. 13 वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात इमारतीच्या मीटरच्या पेटीमागे तो सापडला, तेव्हा मुठीएवढा होता आणि त्याला साहेब म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण महिन्याभरात पुढचे दोन्ही पाय छातीखाली दुमडून, डोळे अर्धे मिटून, पतसंस्थेच्या अध्यक्षानं वार्षिक सभेत बसावं तसा तो बसायला लागला आणि नाव आपसूक चिकटलं. एकदा साहेब झाल्यावर एकवचन शोभेना. तेव्हापासून आमच्याकडे "भाऊसाहेब जेवले का?", "भाऊसाहेबांनी पडदा फाडला" अशीच भाषा चालते. वरच्या मजल्यावरच्या काकांशी त्यांची विशेष गट्टी. काका बँकेतून निवृत्त झालेले, बोलण्याची हौस बेताची. त्यांच्या गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या आहेत. सकाळच्या उन्हाला एकीत काका बसतात, एकीत भाऊसाहेब, मध्ये वर्तमानपत्र. तासभरात दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत, आणि उठताना दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी महत्त्वाचं ठरल्याचं समाधान असतं. "एकाच माळेचे मणी," असं काकू म्हणतात. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे त्या त्या दिवसावर अवलंबून.

मांजर आजार लपवतं. हे पशुवैद्यक सांगतात आणि त्याचं कारणही सांगतात. उंदराच्या लेखी ते वाघ असलं, तरी कोल्ह्या-कुत्र्याच्या लेखी ते एक बरंसं जेवण असतं. रानात जो लंगडला तो नजरेत भरला, आणि जो नजरेत भरला तो संपला. माणसाजवळ राहायला आल्याला त्याला हजारो वर्षं झाली. सायप्रस बेटावर एका माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते 9500 वर्षांपूर्वीचं. एवढ्या मुदतीत पोटभाडेकरूही घरमालक होतो, पण मांजराचा मात्र अजून घरावर पुरता विश्वास बसलेला नाही. त्यात अडचण अशी की, दिवसातले 12 ते 16 तास झोपणारा प्राणी आजारी पडला तर करणार काय? झोपणार. आमच्याकडे फरक पडला तो एवढाच, की सोफ्यावर झोपणारे भाऊसाहेब कपाटातल्या जुन्या चादरींवर झोपायला लागले. आणि ज्या गृहस्थांना पाणी पिताना आम्ही क्वचितच पाहिलं होतं, ते न्हाणीघरात बादलीच्या काठावर पंजे टेकून बराच वेळ लपलप करताना दिसू लागले. नंतर जेवण. ताटली समोर आली की ते हुंगत, क्षणभर विचार करत, मग ताटलीभोवतालची फरशी पंजानं खरवडत आणि नसलेली माती ओढून ओढून अन्नावर घालत. भूक नाही असं म्हणायचं नव्हतं त्यांना. अन्नाचा रीतसर दफनविधी उरकून, जणू जेवण झालंच, अशा थाटात ते कपाटात परतत.

मांजराला न्यायची प्लास्टिकची पेटी माळ्यावर असते. ती ओढताना खर्रकन होणारा आवाज भाऊसाहेब दोन खोल्यांपलीकडून ओळखतात. एरवी, म्हणजे वर्षाच्या लशीच्या दिवशी, पुढचा प्रयोग ठरलेला असतो. नवरा पलंगाखाली आडवा, मी हातात झाडूचा दांडा घेऊन दुसऱ्या अंगाला, मुलगी दारावर पहाऱ्याला आणि भाऊसाहेब पडद्याच्या दांडीवर. शेवटी नवऱ्याच्या मनगटावर लाल रेघांचा एक नवा नकाशा उमटतो आणि मिरवणूक निघते. या वेळी आम्ही पेटी खाली घेतली, तिचं दार उघडलं, आत त्यांची चादर अंथरली. भाऊसाहेब कपाटातून उतरले. पेटीपाशी आले. आत डोकावले आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. नवरा बाह्या सरसावून उभा होता. त्यानं त्या हळूच खाली सोडल्या. कोणी काही बोललं नाही. ओरखडा न मिळाल्यानं माणसाच्या पोटात इतका मोठा खड्डा पडू शकतो, याची मला कल्पना नव्हती.

रिक्षावाल्यानं पेटीकडे पाहिलं. "काय आहे, मांजर?" आम्ही हो म्हणालो. तो म्हणाला, "आत बसून येतंय ना? मग चालतंय. आडवं गेलं असतं तर विचार केला असता." पुढच्या चौकात त्यानं आरशातून विचारलं, "जास्त आहे का?" मुलीनं मान हलवली. त्यानंतर त्यानं प्रत्येक गतिरोधकावर रिक्षा अशी अलगद चढवली आणि उतरवली, की पुण्यात जन्म काढूनही मला असा अनुभव पूर्वी आलेला नव्हता. मागून हॉर्न वाजत होते. तो मागे न बघता हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जायला सांगत होता.

दवाखाना एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. कोणी कुठं बसायचं हे लिहून ठेवलेलं नाही, तरी कुत्री दारालगत आणि मांजरं आतल्या भिंतीला, अशी वाटणी आपोआप झालेली असते. कुत्र्यांकडची दुःखं उघडी होती. एक लॅब्राडोर आपला दुखरा पंजा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होता, न पाहता पुढे गेलेल्याला परत बोलावत होता. मला वडिलांची फार आठवण झाली. मांजरांच्या बाजूला नुसत्या पेट्या. कुणावर टॉवेल, कुणावर ओढणी टाकलेली. मेणे थांबावेत आणि आतल्या राण्यांची चाहूलसुद्धा बाहेर येऊ नये, तशी ती रांग. माणसं मात्र दोन्हीकडे सारखीच. "आम्ही काल मोजा गिळला," एक बाई सांगत होत्या. "आम्हाला सोमवारपासून जुलाब होताहेत," इस्त्रीच्या शर्टातले एक गंभीर गृहस्थ म्हणाले, आणि त्यांच्याकडे कोणी चमकून पाहिलं नाही. उलट शेजारच्यांनी दहीभाताचा सल्ला दिला.

आत्याच्या गावी, वाईच्या बाजूला, असा दवाखाना नव्हता. तिथं गुरांचा दवाखाना होता. कौलारू इमारत, फिनेलचा वास, आणि अंगणात जनावर जखडून उभं करायचा खोडा. मी आठ-नऊ वर्षांची असताना आत्याच्या मनीला मानेपाशी गळू झालं. आत्यानं मनीला नऊवारीच्या पदराखाली घेतलं, मला बरोबर घेतलं आणि ती दवाखान्यात जाऊन रांगेत उभी राहिली. पुढे एक खिलारी बैल, मागे एक म्हैस, बाजूला दोन शेळ्या. मागच्या शेतकऱ्यानं विचारलं, "वैनी, जनावर कुठंय?" आत्यानं पदर जरासा बाजूला केला. आतून दोन हिरवे डोळे त्याच्या म्हशीकडे बघायला लागले. रांगभर हसू पसरलं. आत्या हसली नाही, सरकलीही नाही. डॉक्टरांनी आधी मनीकडे पाहिलं, मग अंगणातल्या खोड्याकडे, मग पुन्हा मनीकडे. नोंदवहीत गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने होते. मांजराचा नव्हता. तिला 'इतर'मध्ये लिहिलं. कपाटातल्या सुया बैलाच्या कातडीच्या हिशेबानं केलेल्या, त्यातली एक बघूनच मी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी ती घेतली नाही. गळू कोमट पाण्यानं धुतलं, औषध लावलं आणि उरलेलं एका कागदाच्या पुडीत बांधून दिलं. खोड्यातला बैल तेवढा वेळ मान वळवून बघत होता.

त्या डॉक्टरांचं चुकलं नाही काही. पशुवैद्यक जन्मालाच आलं ते कामाच्या जनावरांसाठी. आपल्याकडे घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. लढाईला मांजर कोणी नेत नाही, त्यामुळे मार्जारायुर्वेद रचायची घाई कुठल्या ऋषीला झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. फ्रान्समध्ये लियों शहरात 1761 साली जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय निघालं, त्यामागे गुरांच्या बुळकांडीची धास्ती होती. आपल्याकडे मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आमच्या पुण्यात 1889 साली इंग्रज सरकारनं जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा थाटली. ती चार वर्षांत हिमालयात मुक्तेश्वरला गेली, बहुधा पुण्याच्या लोकांनी तिला सूचना करायला सुरुवात केली असावी. बुळकांडी जगातून गेल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं, तोवर अडीचशे वर्षं झाली होती. एवढ्या मोठ्या इतिहासात मांजर शिरलं ते सगळ्यात शेवटी आणि मागच्या दारानं. ते कुठल्याही घरात तसंच शिरतं म्हणा.

"भाऊसाहेब!" आतून पुकारा झाला. आम्ही उठलो. समोरच्या बाकावर पगची साखळी धरून बसलेले टोपीवाले आजोबाही उठले. मदतनीस मुलगा गोंधळला. "मांजर?" त्यानं आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "नाही, भाऊसाहेब मी. हा पिंटू." सगळा उलगडा होईपर्यंत दोन्ही बाकांवरची दुःखं थोडी हलकी झाली. आजोबा वाकले, पेटीच्या जाळीतून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "जा, आधी तुम्ही जा. तुमचं काम निकडीचं दिसतंय."

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिनं भाऊसाहेबांना ओढून बाहेर काढलं नाही. पेटीचं वरचं झाकणच काढून ठेवलं, तळाशी ते चादरीवर होते तसे राहिले. मग तिनं आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि खोलीतलं खरं रोगनिदान सुरू झालं, आमचं. पाणी रोज किती पितात? शेवटची लघवी कधी केली? उलटी सकाळी होते की खाल्ल्यावर? आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. ज्यांच्या मिशीचा एखादा केस गळला तर मुलगी तो डबीत जपून ठेवते, त्यांच्या लघवीबद्दल घरात कोणालाच काही माहीत नव्हतं. ते मागच्या बागेत जातात, एवढंच नवरा म्हणाला, आणि ते त्यानं अशा स्वरात सांगितलं, की भाऊसाहेब फिरायला जाताना छडीही बरोबर घेत असावेत असं कोणालाही वाटावं. तान्ह्या मुलांच्या काट्यावर वजन केलं. तीन किलो चारशे. लशीच्या कार्डावर मागच्या वर्षीचं वजन होतं चार किलो सहाशे. एक किलो दोनशे ग्रॅम भाऊसाहेब आमच्या डोळ्यांदेखत कुठंतरी निघून गेले होते. डॉक्टरनं पाठीवरचे केस बाजूला केले. खाली मणके एकेक करून मोजता आले असते. "फर सगळं झाकते," ती म्हणाली.

मी त्या मणक्यांकडे बघत राहिले. आत्याचं नऊवारीही सगळं झाकायचं. नऊ वारांच्या त्या चुण्यांच्या आत बाई किती उरली आहे, हे कोणाला कळणार? दुखायला लागलं की आत्या तांदूळ निवडायला बसे. सूप मांडीवर घेऊन, तोंडानं काहीतरी गुणगुणत, निवडलेले तांदूळ पुन्हा पुन्हा निवडे. आम्हा मुलांना ते गुणगुणणं ऐकलं की आत्या आज खुशीत आहे असं वाटे. त्या वर्षी दिवाळीला आईच्या लक्षात आलं, की आत्यानं पाणी ओतायला हात वर केला आणि तिच्या बांगड्या घरंगळत पार कोपरापर्यंत गेल्या. आई काही बोलली नाही. तिनं नुसता तो हात धरला. आत्या म्हणाली, "अगं, चुकीच्या मापाच्या भरल्या कासारणीनं." मांजराला पदराखाली घेऊन बैलांच्या रांगेत तासभर उभी राहणारी बाई. त्या गुरांच्या दवाखान्याच्या समोरच, रस्त्यापलीकडे, माणसांचाही दवाखाना होता. मनीचं औषध घेऊन बाहेर पडल्यावर आत्यानं त्याच्याकडे एकदा वळून बघितल्याचंही मला आठवत नाही.

डॉक्टरनं मानेजवळची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती सावकाश खाली बसली. अंगात पाणी कमी, असा त्याचा अर्थ. हिरड्या फिकट. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक पांढुरका पडदा अर्धवट वर आलेला. मांजराला तिसरी पापणी असते, आणि ती दिसायला लागली की काहीतरी बिनसलेलं असतं. मग थर्मामीटर. तो मांजराला तोंडात देत नाहीत. भाऊसाहेबांनी तो सारा काळ समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये कुठलीशी महत्त्वाची तारीख शोधण्यात काढला. ताप 101, म्हणजे मांजराच्या मानानं अगदी रास्त. साडेशंभर ते साडेएकशेदोनपर्यंत त्यांचं चालतंच. रक्त घेण्यासाठी पुढच्या पायावरचे केस काढले तेव्हा त्यांच्या अंगातून घरघर सुरू झाली, तीच, संध्याकाळी मांडीवर बसल्यावरची. मुलगी एकदम खुलली. "बघ आई, त्यांना बरं वाटतंय!" डॉक्टर क्षणभर थांबली. "ते घाबरल्यावरही घुरघुरतात," ती हळू म्हणाली, "आणि दुखत असलं तरी. स्वतःलाच थोपटत असतात." सुई आत जाईपर्यंत, बाहेर येईपर्यंत, कापूस दाबून धरेपर्यंत ती घरघर एका लयीत चालू होती. सुपात तांदूळ नव्हते, इतकंच.

रक्ताचा निकाल संध्याकाळी आला. क्रिएटिनिन 3.1. मांजरात ते 1.6 च्या आत असावं लागतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या धरतात, त्यातली ही तिसरी. डॉक्टरनं कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले. थोड्या पाण्यात निभावून न्यायचं, लघवी घट्ट करायची, थेंब वाया घालवायचा नाही, असा त्यांच्या मूत्रपिंडांचा काटकसरी कारभार. म्हातारपणी हीच यंत्रणा आधी थकते, आणि निम्म्याहून बरंच अधिक काम बंद पडेपर्यंत वरून काही दिसत नाही. पाणी जास्त प्यायला लागणं, हा पहिला निरोप. शेपटीला इवलासा पट्टा गुंडाळून तिनं सकाळी रक्तदाब घेतला होता, तोही 180. तो वाढला तर मांजर एका रात्रीत आंधळंही होऊ शकतं. आजार जाणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पण नीट सांभाळलं तर काही मांजरं यातून बरीच वर्षं काढतात, असंही सांगितलं. अंगातलं पाणी भरून काढायला कातडीखाली सलाइन, वेगळं खाणं, आणि रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, रोज. "13 वर्षं म्हणजे आपल्या हिशेबानं 68 धरा," ती म्हणाली. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "काकांचंच वय."

औषधं माणसांच्याच दुकानात मिळतात. दुकानदारानं बिलासाठी विचारलं, "पेशंटचं नाव?" भाऊसाहेब. "वय?" तेरा. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तेराव्या वर्षी बीपी? आजकालची मुलं मोबाइल सोडत नाहीत ना, त्याचं हे." नवऱ्यानं त्याचा समज दूर केला नाही. रांगेत मागे माणसं होती, आणि मोबाइलबद्दलचं त्याचं मत ऐकायला आमची मुलगीही तिथं उभी होती.

काकू त्याच संध्याकाळी खाली आल्या. आल्या त्या उपाय घेऊनच. पॅरासिटामॉलची पाव गोळी सुचवताच मुलगी जवळजवळ किंचाळली, कारण ते मांजराला विष आहे, त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही, हे डॉक्टरनं तिला बजावून सांगितलं होतं. मग काकू म्हणाल्या, बीपीची गोळी कडू असेल, गुळात घालून द्या. पण मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारा एक जनुकच त्यांच्यात निकामी झालेला आहे, हे 2005 साली उजेडात आलं. गूळ आणि खडू त्यांना सारखेच. हे ऐकून काकूंना भाऊसाहेबांबद्दल पहिल्यांदाच खरी दया आली. "म्हणजे यांनी आयुष्यात पुरणपोळीची चवच घेतली नाही?" त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

गोळी देणं हा प्रकार सांगण्यापेक्षा करून पाहण्याचा आहे. भाऊसाहेब गोळी घेत. अगदी सभ्यपणे घेत. जबडा मिटत, जीभ फिरवत, आमच्याकडे बघत. आम्ही एकमेकांचं अभिनंदन करत असू आणि ते संथपणे सोफ्यामागे जाऊन परत येत. झाडताना सोफ्यामागे पांढऱ्या तुकड्यांची एक छोटीशी पुंजी निघाली, तेव्हा सगळा व्यवहार कळला. मग काकूंनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. एक जाड सोलापुरी टॉवेल मागवला, तो जमिनीवर पसरला, भाऊसाहेबांना मधोमध बसवलं आणि दोन्ही बाजूंनी असं गुंडाळलं, की वर फक्त एक संतापलेलं तोंड उरलं. गोळी जिभेच्या पार मागे, लगेच पिचकारीनं थोडं पाणी, आणि गळ्यावरून एक बोट. "गिळा," काकू म्हणाल्या. तो स्वर ऐकून माझ्या नवऱ्यानंही आवंढा गिळला.

सलाइनची बाटली कोमट पाण्यात ठेवून मग पडद्याच्या दांडीला टांगतो, भाऊसाहेब एरवी जिथं पळून बसत त्याच दांडीला. खांद्यांच्या मधली कातडी उचलून तंबू करायचा, त्यात सुई, आणि 100 मिलिलिटर पाणी हळूहळू आत. ते पाणी अंगात भिनायला वेळ लागतो. तोवर त्याचा एक मऊ गोळा कातडीखाली तयार होतो आणि बहुतेक वेळा एका बाजूला घसरतो. मग भाऊसाहेब एका खांद्यावर वजनदार उपरणं टाकलेल्या देशमुखांसारखे, किंचित तिरके, घरभर फिरतात. थोडं खातात. आता फरशी खरवडत नाहीत. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर त्यांना उडी मारता येत नाही म्हणून काकांनी पुढे एक पाट आणून ठेवलाय. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. दोघं पूर्वीसारखेच बसतात, मध्ये वर्तमानपत्र, बोलणं अर्थात नाही.

काल दुपारी काकू आल्या, त्यांचा चेहरा वेगळाच होता. मूठ उघडून त्यांनी माझ्यासमोर धरली. मुठीत पांढऱ्या गोळ्या होत्या, अख्ख्या, अजिबात न चघळलेल्या. काकांना बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे, हे मला माहीतच नव्हतं. काकांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

"खुर्चीच्या गादीखाली निघाल्या," काकू म्हणाल्या. "विचारलं, तर म्हणतात, मला काय झालंय?"

मी काय बोलणार. त्यांनी गोळ्या ओच्यात टाकल्या आणि दारापर्यंत गेल्या. तिथून वळल्या.

"उद्या सकाळी आठला दोघं वर या. आणि येताना तो सोलापुरी टॉवेल घेऊन या."